भिंतीकडचा कान

७ जानेवारी

बाबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग खोडलं. आपण शेवटचं ज्या आवाजात बोललो, त्याच्यापुढे तो शब्द फारच इस्त्री केलेला वाटत होता. नुसतं ‘बाबा’ राहू दे.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोनवर ओठ दिसत नाहीत. उजवा कान बरा असला तरी तुमचं बोलणं मला अर्धंच कळतं, उरलेलं मी पदरचं घालतो, आणि नेमकं पदरच्या भागावरूनच आपलं वाजतं. आईचं ठीक आहे, ती एकच गोष्ट इतक्यांदा सांगते की कधी ना कधी पोचतेच. तुम्ही एकदा बोलता आणि फोन ठेवता. म्हणून पत्र.

तर मुद्द्याचं. मला कान टोचून घ्यायचाय. पाळीला नाही. वरच्या कडेला, जिथे बोटांनी दाबलं की कुरकुर वाजेल असं वाटतं, त्या कूर्चेत. आता कपाळावर हात मारून घेऊ नका, हातात कात्री असेल.

हे खूळ आजचं नाही, तुम्हालाही आठवत असेल. सतरा वर्षांचा होतो. दुकान बंद झाल्यावर तुम्ही माझे केस कापत होतात आणि मी आरशातल्या तुम्हाला विचारलं होतं. तुमचा हात थांबला. मग तुम्ही डाव्या कानावरची बट कंगव्यानं खाली घेतलीत, कानातलं ऐकायचं मशीन पूर्ण झाकलं आणि आरशात बघून म्हणालात, “लोकांनी तुझ्या कानाकडे बघावं असं वाटतं तुला?” त्या दिवशी तुम्ही बट नेहमीपेक्षा जरा लांबच ठेवलीत. विषय संपला.

मागच्या वर्षीचं मी इथे उगाळत नाही. दुकान भरलेलं असताना केस वर धरून, “तंद्रीत नसतो मी, बहिरा आहे!” असं गिऱ्हाइकावर ओरडायला नको होतं, असं आई म्हणते. तिचं बरोबर असेल. पण लहानपणापासून तुम्ही सगळ्यांना तेच सांगत आलात, “त्याचं लक्ष नसतं हो, तंद्रीत असतो.” एरवी तुम्ही माझ्याशी आरशात बघून बोलायचात, म्हणून तर मला तुमचा शब्द न्‌ शब्द कळायचा. हे एकच वाक्य बोलताना आरशाकडे पाठ करायचात, मला ओठ दिसू नयेत म्हणून. बाबा, दुकानात मागच्या भिंतीलाही आरसा आहे. गिऱ्हाइकाला स्वतःची मान दिसावी म्हणून तुम्हीच लावलाय. मला सगळं दिसायचं.

उगाळत नाही म्हणालो आणि उगाळलंच.

इथे मी चष्म्याच्या दुकानात आहे, हे आईनं सांगितलं असेल. काम असं, की तयार झालेला चष्मा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर नीट बसवायचा. काडी गरम हवेवर धरून मऊ करायची आणि कानामागे वळवायची. कुणाचेही दोन कान एका पातळीत नसतात. तुम्हाला ते कल्ले कापताना कळलं असणार, मला काड्या वळवताना कळलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई कान-नाक टोचायचं काम करते. सगळे तिला सुईवाली म्हणतात, ती स्वतःसुद्धा. मागच्या आठवड्यात ती जवळचा चष्मा करायला आली. तिच्या कानांवर इतक्या बाळ्या, की काडीला वाट शोधावी लागली. मी जवळ वाकलो आणि माझं मशीन शिट्टी मारायला लागलं. कशाच्या फार जवळ गेलं की ते कोकलतं, तुम्हाला माहीतच आहे. मी नेहमीसारखा खोकलो. ती म्हणाली, “खोकून काय उपयोग? शिट्टी कानातून येतेय.” मग एका बोटानं माझी बट बाजूला केली, नव्या चष्म्यातून निरखून बघितलं आणि म्हणाली, “कड काय सुरेख आहे रे. झाकतोस कशाला?”

त्या कानाला आजवर कुणी सुरेख म्हटलेलं नाही. टोचू का नको, सांगा. नाही म्हणालात तरी चालेल, पण काहीतरी म्हणा.

तुमचा,
तंद्रीतला मुलगा


२३ जानेवारी

बाबा,

उत्तर नाही. पत्र पोचलं, हे आईकडून कळलं. तुम्ही ते दुकानात नेलंत, गिऱ्हाईक नसताना वाचलंत आणि वस्तऱ्यांच्या खणात ठेवलंत म्हणे. आई असंही म्हणाली की वाचताना तुम्ही कागद हात लांब करून धरला होता. त्याबद्दल मी नंतर बोलणार आहे, चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणून.

इथे भानगड झालीय. माझे केस खांद्यावर आलेत. तुमच्या हातची शेवटची बट केव्हाच वाढून केसांत मिसळून गेली. दुसऱ्या सलूनमध्ये मी गेलेलो नाही. एकदा दारापर्यंत गेलो होतो. आतल्या माणसानं खुर्ची झटकली, “या” म्हणाला, आणि मला चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं. तसाच परत फिरलो. तुमच्याशी भांडण असताना तुमच्यावरच हा कसला एकनिष्ठपणा, ते मलाही सांगता येणार नाही.

परवा आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, “तुझे केस गिऱ्हाइकाच्या काचेवर लोळतात. बांध नाहीतर काप. सोमवारपासून मला तुझे दोन्ही कान दिसले पाहिजेत.” त्यांना मशीनचं माहीत नाही. म्हणजे मी सांगितलेलंच नाही. नोकरी मागायला आलो तेव्हा केस होतेच, त्यांनी त्यांचं काम केलं.

त्याच दुपारी एक आजोबा माझ्या डाव्या हाताला उभे राहून फ्रेमा बघत होते. मला काहीतरी विचारत होते. मला पत्ताच नाही. शेवटी त्यांनी हातातली काठी काउंटरवर आपटली. मालकीणबाई धावत आल्या. “लक्ष कुठे असतं रे तुझं?” आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल, बाबा? “सॉरी, तंद्रीत होतो.”

तुमचंच वाक्य. जसंच्या तसं. ज्या वाक्यापायी घर सोडलं, ते मी कपड्यांबरोबर बॅगेत घालून इथे आणलं होतं. आजोबा लगेच निवळले. “वयच आहे तुझं, चालायचंच,” म्हणाले. किती सोपं गेलं! कुणी कीव केली नाही, कुणी तोंड वेंगाडून मोठमोठ्यानं बोललं नाही. तेव्हा पहिल्यांदा कळलं, तुम्ही ते वाक्य का वापरत होतात. माझा राग गेला असं समजू नका. पण त्या रागाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलंय आणि ते उठायला तयार नाही.

खोलीवर येऊन आपलं दुकान आठवत बसलो. मला हाताखाली घेतलंत तेव्हा तुम्ही मला आतली खुर्ची दिलीत आणि दाराकडची स्वतःकडे ठेवलीत. मला वाटायचं, दाराकडची मानाची, ती मला मिळायला अजून वेळ आहे. परवा डोळे मिटून मनातल्या मनात त्या आतल्या खुर्चीमागे उभा राहिलो. माझा डावा कान भिंतीकडे आला. उजवा सगळ्या दुकानाकडे. तिथे उभा असताना मला एकाही गिऱ्हाइकाला पुन्हा विचारावं लागत नसे. हे आपसूक झालं, की तुम्ही केलंत? याचं तरी उत्तर द्या.

एक कान झाकायचा, वर तो भिंतीकडे ठेवायचा. केवढी मेहनत घेतलीत तुम्ही त्याच्यावर! आणि मला नेमका तोच उघडा टाकायचाय. सोमवार जवळ आलाय, केस बांधायला रबर आणून ठेवलंय.

तुमचा मुलगा


३१ जानेवारी

बाबा,

सांगून टाकलं!

सोमवारी केस बांधून गेलो. रस्त्यात डाव्या कानाला वारा लागत होता आणि मशीनमध्ये नुसतं घूं घूं. मालकीणबाई शटर वर करत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग कानाकडे, मग परत माझ्याकडे. मी पाठ केलेलं बोलून टाकलं, “मला डाव्या बाजूनं ऐकू येत नाही. लहानपणापासून. त्या दिवशी मी तंद्रीत नव्हतो.”

मला वाटलं, आता एक तर घरी बसवतील, नाहीतर डोक्यावरून हात फिरवतील. दोन्हींची तयारी ठेवली होती. त्या भडकल्या. “अरे मग आधी सांगायला काय धाड भरली होती? वर्षभर मी त्या बाजूला बसून घसा कोरडा करतेय! मला वाटलं, पोरगं उद्धट आहे!” आणि तशाच तणतणत स्वतःचं टेबल ओढायला लागल्या. मी दुसरं टोक धरलं. टेबल माझ्या उजव्या हाताला आलं. ते ओढताना मला तुमची फार आठवण झाली. त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत ओढलं, तुम्ही मला आतली खुर्ची दिलीत ती गुपचूप. टेबल काय नि खुर्ची काय, जागा मात्र दोघांनी करून दिली.

तो किल्ला सर झाला. आता टोचण्याचं.

कानाच्या डॉक्टरांकडे रीतसर जाऊन आलो. त्या म्हणाल्या, कूर्चा पाळीसारखी पटकन भरत नाही, महिनोन्‌महिने जपावं लागेल, आणि मशीन घासलं तर चिघळेल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “उजवा कान मोकळा आहे ना? तो टोच की. सोपं पडेल.” मालकीणबाई तेच म्हणाल्या. आई फोनवर तेच म्हणाली, तिच्या पद्धतीनं, म्हणजे पुन्हापुन्हा. आमच्या इथला काचा घासणारा गडी, ज्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं, तोही तेच म्हणाला.

सल्ला शहाणपणाचा होता. मी खोलीवर जाऊन आरशापुढे उजव्या कानावर पेननं ठिपका काढून बघितला. चांगला दिसला. आणि तरी मन खट्टू झालं. बघत राहिलो, तेव्हा कारण सापडलं. उजव्याला आजवर सगळंच मिळालंय. गाणी त्याला, फोन त्याला, गिऱ्हाइकं त्याला, दुकानाकडची बाजू त्याला. आता दागिनाही त्यालाच? डाव्याच्या वाट्याला काय, तर मशीन आणि भिंत.

केस बांधल्यापासून मी पाहतोय, लोक त्या कानाकडे बघतातच. बघतात आणि नजर चोरतात. बघणारच असतील तर तिथे बघण्यासारखं काहीतरी असू दे. निदान नजर चोरण्याऐवजी विचारतील, कुठे टोचलंस, दुखलं का.

तेव्हा डावाच. ठरलं. सगळ्यांचे सल्ले या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिले असते, पण माझ्याकडे तेवढी सोय नाही. म्हणून प्रत्येकाला तोंडावर नाही म्हणालो.

परवा शनिवारी जातोय. थांबवायचं असेल तर थांबवा. पत्र तुमच्या हातात त्यानंतर पडेल, हे मला माहीत आहे. एवढी लबाडी चालवून घ्या.

तुमचा मुलगा


२ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबा,

टोचला!

अक्षर वाकडं येतंय. आनंदानं. थोडं दुखण्यानंही, खोटं कशाला सांगू.

सुरुवातीपासून सांगतो. सुईवालीची खोली दवाखान्यासारखी लख्ख आहे. तुम्ही वस्तऱ्याचं पान गिऱ्हाइकासमोर फोडता, तशी तिनं सुईची पुडी माझ्यासमोर फोडली. त्याआधी मला मशीन काढायला लावलं, कान पुसला, वरच्या कडेला एक निळा ठिपका काढला आणि आरसा दिला. सुरेख दिसत होता. मी हो म्हणणार होतो. मग काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, थांबा, मशीन लावून बघतो. लावलं, तर ठिपका गायब!

मशीनची आकडी कानावरून पुढे उतरते ना, नेमकी तिच्याखाली गेला होता. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ती जन्मभर कान टोचणारी, मी दिवसभर कानांमागे काड्या वळवणारा, आणि दोघांनीही तो कान मशीनशिवायचा धरला होता. खरा कान म्हणजे मशीन काढल्यावर उरतो तो, असंच आजवर मीसुद्धा मानत आलो. सुईवालीनं ठिपका पुसला. “माझं चुकलं,” म्हणाली. “तुझा कान म्हणजे हा एवढा सगळा.” मग मशीन तसंच ठेवून तिनं पुढून-मागून चाचपलं, जरा खाली, बाहेरच्या कडेला, जिथे आकडीही लागत नाही आणि मागचा भागही घासत नाही, अशी जागा शोधली. मी काडी बसवताना शोधतो तशी. तिथे नवा ठिपका काढला.

टोचताना मात्र मशीन काढावंच लागणार होतं. “मग या बाजूनं तुला माझं नीट ऐकू यायचं नाही,” ती म्हणाली. “खांद्यावर थाप मारली की श्वास सोड.” मी मशीन काढून मुठीत धरलं. तिनं मला सरळ बसवायला खांद्याला हात लावला, आणि मी फुग्यातली हवा जावी तसा सगळा श्वास सोडून मोकळा! सुई अजून तिच्या हातातच. ती इतकी हसली की तिला ती खाली ठेवावी लागली. मीही हसलो. त्या हसण्यात भीती निम्मी झाली. मग ती गंभीर झाली, मी श्वास घेतला, खरी थाप बसली.

कुर्र.

बाबा, तो आवाज मला ऐकू आला. मशीन मुठीत होतं आणि तरी ऐकू आला. हाडातून येतो म्हणे तो आवाज, खरं तर कुठल्या कानानं ऐकला देव जाणे. मी तो डाव्याच्या नावावर लिहून टाकलाय. पाठोपाठ अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी आलं, पण ओरडलो नाही. सध्या बारीक चांदीच्या रंगाचा खडा आहे. बाळी नंतर, भरल्यावर.

खाली आलो तर ते काठीवाले आजोबा चष्मा न्यायला आलेले. माझा कान लाललाल. त्यांनी वाकून बघितलं. “दुखलं का रे?” म्हटलं, “खूप.” मग त्यांनी काठीच्या टोकानं जरा वर दाखवलं. “आणि ते काय?” म्हटलं, “ऐकायचं मशीन.” “बरं,” म्हणाले, माझ्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आले आणि तिथून चष्म्याचं विचारू लागले. बस, एवढंच. याच्यासाठी मी इतकी वर्षं घाबरत होतो.

तुम्ही रागावला असाल. रागवा. मी आज कुणाच्याही रागाला पुरून उरेन.

तुमचा मुलगा


१८ मार्च

बाबा,

आईचा फोन आला होता. तिनं दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही तुम्हाला न विचारता सांगितल्या, तेव्हा तिच्यावर चिडू नका.

पहिली अशी, की माझं टोचल्याचं पत्र वाचून तुम्ही बरेच दिवस चकार शब्द काढला नाहीत. मग एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणालात, “डावा.” आई म्हणाली, “काय डावा?” तुम्ही म्हणालात, “काही नाही.” आईला ते गंमतीचं वाटलं. मला नाही वाटलं. मी तो एक शब्द खूपदा मनात उलटापालटा करून बघितला. त्यात राग सापडला नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. तुमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कानाच्या पाळीला वस्तरा लागला. कानालाच, बाबा! मला हसू आलं, मग ते जिरलं, कारण आईनं पुढचं सांगितलं. तुम्ही त्याला म्हणालात, “माफ करा, तंद्रीत होतो.”

तुम्ही कधी तंद्रीत नव्हता. तुम्हाला जवळचं दिसत नाही. हात लांब करून पत्र वाचता, सुईत दोरा आईला ओवायला सांगता, दिवा कमी आहे म्हणून कुरकुरता. ते वाक्य तुम्ही माझ्यासाठी वापरलंत, मी इथे येऊन माझ्यासाठी वापरलं, आता तुम्ही तुमच्यासाठी. आता पुरे झालं ते. कुणाच्या तरी मानेला लागायच्या आत त्याला रजा देऊ या.

चष्मा करून घ्या. माझ्याकडून. आईबरोबर या. तुम्ही माझ्याशी बोललंच पाहिजे असं काही नाही, चष्मा बसवायला बोलावं लागत नाही. आणि एक सांगतो. माझे केस आता बांधूनही सुटतात. दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत मी अजून बसलेलो नाही.

तुमचा मुलगा


६ एप्रिल

बाबा,

तुमची बस आत्ता शहराबाहेर पडली असेल. चष्मा काढून खिशात ठेवला असलात तर लावा.

आज जे झालं ते सगळं तुमच्यासमोरच झालं, तरी लिहितोय. कारण त्यातलं काही मला कळलं नाही असं तुम्हाला वाटत असेल, किंवा कळलं हे तुम्हाला ठाऊक असेल आणि तुम्ही तसं दाखवलं नसेल. दोन्ही तुम्हाला शोभण्यासारखं आहे.

दारात आई पुढे, तुम्ही मागे, आणि तुमच्या हातात कात्र्यांची पेटी. चष्मा करायला निघालेला माणूस कात्र्यांची पेटी कशाला घेतो, ते मी विचारलं नाही. तुम्ही सगळं दुकान बघितलंत, छत बघितलंत, माझ्या कानाकडे तेवढं बघितलं नाहीत. नंबर काढला, गड्यानं काचा घासून दिल्या, आणि मी तुमच्या समोर बसून काडी गरम केली. तुमचा उजवा कान डाव्यापेक्षा अंमळ वर आहे. इतकी वर्षं माझं डोकं तुमच्या हातात असायचं, तुमचं माझ्या हातात आज पहिल्यांदा आलं. तुम्ही अगदी शहाण्या गिऱ्हाइकासारखे बसला होतात. काडी मी दोनदा वळवली, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

चष्मा चढवून तुम्ही वर बघितलंत आणि नजर थेट माझ्या डाव्या कानावर गेली. बघतच राहिलात. आधी खडा, मग मशीन, मग पुन्हा खडा. मी तयारीत होतो. वर्षभरानंतरचं तुमचं पहिलं वाक्य काय, तर “सुई नवी होती?”

मी पत्रात लिहिलं होतं, तुम्ही वाचलंही होतं. तरी म्हणालो, “समोर पुडी फोडली.”

“साफ ठेवतोस?”

“रोज.”

“बस तिकडे,” म्हणालात आणि पेटी उघडलीत.

मालकीणबाईंनी केस झाडून घ्यायचे अशी तंबी दिली आणि स्वतःच खुर्चीखाली जुना कागद अंथरला. मी आमच्या उभ्या आरशापुढे खुर्ची ठेवली आणि मशीन काढून खिशात टाकलं. सवयीनं ठेवली, बाबा. बसल्यावर कळलं, डावा कान भिंतीकडे. तुम्हीही बघितलंत. मग मला उठवलंत, आरसा उचलून पलीकडच्या बाजूला नेलात आणि खुर्ची फिरवलीत. गुपचूप. पुन्हा बसलो तेव्हा डावा कान दाराकडे होता, रस्त्याकडे, बाकावर बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे. आतल्या खुर्चीबद्दल मी विचारलं होतं ना? मिळालं उत्तर.

मागचे केस तुम्ही भराभर उतरवलेत. बट शेवटी ठेवलीत. ती दोन बोटांत धरून उभे राहिलात, आणि मला वाटलं, आता कंगव्यानं खाली घेणार. तुम्ही कापलीत. कानाच्या वर, अगदी मुळाशी, खड्याला धक्का न लावता. तेवढ्यात बाकावरच्या माणसानं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही, पण तो माझ्या कानाकडे बोट करत होता. अशा वेळी तुम्ही काय करता ते मला पाठ आहे. आरशाकडे पाठ करता.

तुम्ही केली नाहीत. कात्री खाली घेतलीत, ताठ उभे राहिलात आणि समोर आरशात बघून सावकाश बोललात. एकेक शब्द सुटा. “माझा मुलगा आहे. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मशीन लावतो.” मग कंगव्यानं खडा दाखवलात. “शोभतो की नाही?”

तो माणूस तुमच्या बाजूला बाकावर होता, बाबा. त्याला उत्तर द्यायला आरशात बघावं लागत नाही. म्हणजे ते तुम्ही त्याला सांगतच नव्हतात.

आई तर कोपऱ्यात रडायलाच लागली होती. तुम्ही ब्रशनं मान झटकलीत, माझ्या खिशातलं मशीन स्वतः काढलंत आणि स्वतःच्या हातानं माझ्या कानावर चढवलंत, खडा सांभाळून. मला वाटतं, लहानपणानंतर पहिल्यांदाच. पहिला आवाज आला तो मालकीणबाईंचा, “झाडू तिकडे आहे!”

केस महिन्याभरात वाढतील. कापायला दुकानात येतो. मला दाराकडच्या खुर्चीत बसवा.

तुम्हाला बसमध्ये बसवून चालत खोलीवर आलो. डावा कान पार उघडा, गार वारा लागत होता. दोघातिघांनी बघितलं. सिग्नलपाशी एका मुलीनं थांबवून विचारलं, कुठे टोचून घेतलास. मी तिला सुईवालीचा पत्ता दिला.

सतराव्या वर्षी तुम्ही आरशात बघून एक प्रश्न विचारला होतात, लोकांनी तुझ्या कानाकडे बघावं असं वाटतं तुला? उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

हो, बाबा. वाटतं.

तुमचा,
पूर्ण लक्ष असलेला मुलगा